रिकॉलचं पत्र कुणाच्या घरी जातं? स्नोमोबाइलची शंभर वर्षांची गोष्ट

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लेखी भाग. बोलताना मी दोन-तीनदा अडखळलो होतो, ते काढून टाकलंय. बाकी सगळं जसंच्या तसं.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा पुण्यात बसून बर्फाच्या गाड्यांबद्दल काय बोलतोय? सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मिनेसोटात असतो, नोकरी माझ्यासारखीच, कोड लिहायची.

"काय रे, झोपला होतास का?"

"नाही दादा, बोल ना."

"अरे, माझ्या स्नोमोबाइलवर रिकॉल आहे म्हणे. आज कळलं."

दादाने ती गाडी दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली होती. त्या दिवशी ट्रेलच्या पार्किंगमध्ये एका अनोळखी माणसाने गाडीकडे बघून सहज विचारलं, की रिकॉलचं काम करून घेतलंत ना? दादाला काही पत्ताच नव्हता. घरी येऊन त्याने गाडीचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. रिकॉल निघाला. पेट्रोलच्या यंत्रणेशी संबंधित, आग लागण्याची शक्यता. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नका, असं स्पष्ट लिहिलेलं.

दादाने आधीच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, "हो, पत्र आलं होतं. पण गाडी तर तुम्हाला विकून झाली होती, म्हणून फेकून दिलं."

दादा मला सांगत होता, "दोन हिवाळे मी पोरीला मागे बसवून फिरवतोय रे." आणि मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे बग सापडला की आम्ही पॅच काढतो, रात्री ढकलतो, आणि सकाळी लाखो फोनवर तो आपोआप बसलेला असतो. लोखंडाला ऑटो-अपडेट नसतं. कारखान्यात कुणाला तरी कळतं की अमुक पार्ट धोकादायक आहे. ती बातमी हजारो किलोमीटरवर त्या गाडीवर बसलेल्या माणसापर्यंत पोचायची कशी? ही साखळी कुणी बांधली, आणि ती तुटते कुठे? आजचा भाग त्याबद्दल.

१९२२: वडिलांनी सांगितलं, खोलून टाक

गोष्ट सुरू होते कॅनडात, क्युबेक प्रांतातल्या वाल्कूर नावाच्या छोट्या गावात. तिथे १९०७ साली जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर जन्मला. नाव ओळखीचं वाटतंय? मुंबईकरांना वाटणारच. आपण ज्या लोकलला "बंबार्डियर" म्हणतो, तिची विद्युत यंत्रणा ज्या कंपनीची, त्या कंपनीचं मूळ या माणसात आहे.

पोराला यंत्रांचं वेड. वडिलांनी एक मोडकी फोर्ड मॉडेल टी गाडी त्याला खटपट करायला दिली होती. ३१ डिसेंबर १९२२. जोसेफ-आर्मां पंधरा वर्षांचा. त्याने त्या फोर्डचं इंजिन एका घसरगाडीवर बसवलं आणि मागे चक्क विमानासारखा पंखा लावला. धाकटा भाऊ लिओपोल्ड सोबतीला. दोघं ते धूड घेऊन गावच्या रस्त्यावर निघाले, आणि ते पळालं! सगळं गाव बघत राहिलं.

वडील मात्र खूश झाले नाहीत. त्यांना दिसला तो मागे गरगर फिरणारा उघडा पंखा. त्यांनी पोराला सांगितलं, आत्ताच्या आत्ता हे खोलून टाक.

मला ही गोष्ट वाचल्यावर वाटलं, स्नोमोबाइलच्या इतिहासातला हा पहिला रिकॉल. दोष दिसला, वापर बंद, मशीन परत. आणि यशस्वी होण्याचं कारणही सरळ होतं: मशीन एकच होतं, बनवणारा घरातच होता आणि दोष बघणारा त्याचा बापच होता. बातमी पोचायला अंगण ओलांडावं लागलं, बस्स. पुढच्या शंभर वर्षांत हे अंतर वाढत गेलं.

बर्फाने अडवलेला रस्ता

जोसेफ-आर्मां मोठा झाला, गावात गॅरेज काढलं. उन्हाळ्यात गाड्या दुरुस्त करायचा, हिवाळ्यात बर्फावर चालणारी गाडी बनवायचे प्रयोग. त्या काळी क्युबेकच्या खेड्यांत हिवाळा आला की रस्ते बंद. लोक मोटारी उचलून ठेवायचे आणि घोड्याची घसरगाडी काढायचे.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. अपेंडिक्स. दवाखान्यात न्यायला हवं होतं, पण रस्ते बर्फाने बुजलेले, आणि चालेल अशी गाडी गॅरेजमध्ये तयार नव्हती. मुलगा गेला.

त्यानंतर त्याने दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांची अशी जोडी बनवली की गाडी मऊ बर्फात रुतणार नाही. १९३७ साली त्याचं पेटंट मिळालं. सात माणसं बसतील अशी बी-७ नावाची गाडी निघाली. डॉक्टर, टपाल, रुग्णवाहिका, सगळे ती वापरू लागले. ध्यानात घ्या, हे मशीन मुळात जीव वाचवायला जन्मलं होतं.

मग १९४८ मध्ये क्युबेक सरकारने हिवाळ्यातही रस्त्यांवरचा बर्फ काढायचा कायदा केला. लोकांची सोय झाली, पण बॉम्बार्डियरचा धंदा बसला. रस्ते उघडे असतील तर बर्फाची मोठी गाडी कोण घेणार? मग त्याने एक-दोन माणसांसाठी छोटी, हलकी गाडी बनवायचं मनावर घेतलं. १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. ओंटारियोच्या दुर्गम भागात काम करणाऱ्या एका मिशनरी फादरला त्याने नमुन्याची एक गाडी भेट दिली होती.

पहिल्या स्की-डूचं इंजिन साधारण ७ हॉर्सपॉवरचं. म्हणजे आपल्या १५० सीसी बाइकच्या निम्मं. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास. आजच्या स्नोमोबाइलचं इंजिन दीडशे हॉर्सपॉवरच्या वर जातं. फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इकडे अमेरिकेत, मिनेसोटातल्या रोझो गावी शेतीची अवजारं बनवणारं एक छोटं वर्कशॉप होतं. १९५५-५६ च्या हिवाळ्यात मालकांपैकी एक, एडगर हेटीन, बाहेरगावी असताना डेव्हिड जॉन्सन आणि बाकीच्यांनी मिळून एक बर्फावरची गाडी जोडली. मोटारीच्या बंपरपासून पुढच्या स्की केल्या आणि धान्य वर चढवणाऱ्या कन्व्हेयरचे पट्टे खाली लावले. याला आपल्याकडे शुद्ध मराठीत जुगाड म्हणतात. एडगर परत आल्यावर वेळ वाया घालवला म्हणून चिडला होता असं सांगतात. पण पगार करायला पैसे हवे होते, म्हणून ती गाडी ४६५ डॉलरला विकली. गिऱ्हाईक गावातलाच लाकडाच्या वखारीचा मालक. हीच पुढची पोलारिस कंपनी. १९६० मध्ये एडगरने साथीदारांबरोबर अलास्कात स्नोमोबाइलवरून १,२०० मैलांचा प्रवास केला, तेव्हा कुठे लोकांना पटलं की ही खेळणी नाहीत. नंतर त्याने पोलारिस सोडून दुसरी कंपनी काढली. आज ती आर्क्टिक कॅट म्हणून ओळखली जाते.

इथेही बघा, पहिलं गिऱ्हाईक गावातलं होतं. काही मोडलं असतं तर तो वखारवाला रस्ता ओलांडून वर्कशॉपमध्ये आला असता.

शंभर कंपन्या आणि एकही यादी नाही

साठच्या दशकात उत्तर अमेरिकेत स्नोमोबाइलची लाटच आली. सत्तरच्या सुरुवातीला शंभराहून जास्त कंपन्या या गाड्या बनवत होत्या आणि वर्षाला लाखोंनी खपत होत्या. ज्यांनी कधी गवत कापायची यंत्रं बनवली, तेही यात उतरले.

आणि अपघात सुरू झाले. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर स्नोमोबाइलवर जे मृत्यू होतात, त्यातले बहुतेक मशीनच्या दोषामुळे होत नाहीत. वेग, दारू, अंधार, न दिसणारी तारेची कुंपणं, तळ्यावरचा पातळ बर्फ, ही त्याची नेहमीची कारणं. पण गोम इथेच आहे. शंभर अपघातांतले दोन जर अडकलेल्या थ्रॉटलमुळे झाले असतील, तर ते दोन बाकीच्या अठ्ठ्याण्णवांत हरवून जातात. गावातला पोलीस लिहितो, चालक वेगात होता, झाडावर आदळला. दोनशे मैलांवरच्या दुसऱ्या गावातही तेच लिहिलं जातं. दोन्ही कागद एका टेबलावर आले तरच कुणाला तरी दिसेल की गाडी एकाच मॉडेलची होती. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉग्ज एका जागी यायला हवेत. एकेक सर्व्हर बघून बग सापडत नाही.

मोटारींसाठी हे काम सुरू झालं होतं. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं अमेरिकन मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक गाजलं. ९ सप्टेंबर १९६६ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. दोष सापडला तर कंपनीने ग्राहकाला कळवलंच पाहिजे, असं त्यात आलं.

पण या कायद्याच्या पहिल्या आवृत्तीत दोन गमती होत्या. एक, कंपनीने कळवायचं होतं, पण दुरुस्ती फुकट करून द्यायची सक्ती नव्हती. ती १९७४ च्या दुरुस्तीत आली. दोन, पत्र मुख्यतः पहिल्या खरेदीदाराला जायचं, आणि पुढच्या मालकाला फक्त वॉरंटी त्याच्या नावावर झाली असेल तर. म्हणजे दादाचा प्रश्न १९६६ सालीच जन्मला होता.

आणि स्नोमोबाइल? तो कायदा रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांसाठी होता. स्नोमोबाइल रस्त्यासाठी बनलेलीच नाही, त्यामुळे ती बाहेर राहिली. अमेरिकेने १९७२ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचा वेगळा कायदा केला आणि पुढच्या वर्षी कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन, म्हणजे सीपीएससी, कामाला लागलं. बाळाचा पाळणा, टोस्टर, गवत कापायचं यंत्र, आणि त्याच यादीत स्नोमोबाइल. ताशी दीडशे किलोमीटर पळू शकणारी गाडी कागदोपत्री टोस्टरच्या शेजारी बसली.

कॅनडाने वेगळी वाट धरली. तिथे १९७१ पासून लागू झालेल्या मोटार सुरक्षा कायद्यात स्नोमोबाइल हे वाहनच मानलं आणि ते काम ट्रान्सपोर्ट कॅनडाकडे दिलं. पण तिथेही कायद्याचा भर कळवण्यावर होता. कंपन्या बहुधा फुकट दुरुस्ती करून द्यायच्याच, तरी कंपनीच्या खर्चाने दुरुस्ती करायला लावण्याचा अधिकार मंत्र्यांना मिळायला २०१८ साल उजाडलं.

कंपन्यांनाही भीती होतीच, की आपण काही केलं नाही तर सरकार करेल. १९७४ मध्ये त्यांनी मिळून सुरक्षा प्रमाणपत्र देणारी एक समिती काढली. आजही उत्तर अमेरिकेतल्या स्नोमोबाइलवर त्या समितीचं लेबल दिसतं.

आज रिकॉल कसा निघतो

अमेरिकेतला नियम ऐका. एखादी वस्तू धोकादायक असू शकते असं वाटायला लावणारी माहिती कंपनीकडे आली, की तिने सीपीएससीला ताबडतोब कळवायचं. ताबडतोब म्हणजे २४ तासांत. खात्री नसेल तर चौकशीला साधारण १० कामाचे दिवस. मग सगळं ठरतं: कुठली मॉडेल्स, कुठली वर्षं, काय उपाय. उपाय तीनच: दुरुस्त करून दे, बदलून दे, किंवा पैसे परत दे.

कंपनीने उशीर केला तर? एप्रिल २०१८ मध्ये पोलारिसने २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. तो स्नोमोबाइलबद्दल नव्हता, त्याच कंपनीच्या चारचाकी ऑफ-रोड गाड्यांना लागणाऱ्या आगींची माहिती वेळेत न दिल्याच्या आरोपाबद्दल होता. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण पैसे भरले. त्यातल्या एका मॉडेलच्या सुमारे १ लाख ३३ हजार गाड्या २०१६ मध्ये परत बोलवाव्या लागल्या होत्या. तोवर आगीच्या १६० हून जास्त तक्रारी झाल्या होत्या आणि पंधरा वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला होता. पंधरा वर्षं. वाल्कूरच्या त्या पोराएवढी.

स्नोमोबाइलचं एक मोठं उदाहरण डिसेंबर २०२२ चं. पोलारिसने २०२१ ते २०२३ च्या मॅट्रिक्स गाड्या आणि काही जुनी मॉडेल्स रिकॉल केली. कारण काय, तर पेट्रोलच्या टाकीत स्थिर विजेची ठिणगी पडून वाफ पेटू शकते. मालकांना सांगितलं, चालवणं थांबवा.

यामागचं विज्ञान मला फार आवडलं, म्हणून थोडक्यात सांगतो. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेटते. आपल्याकडच्या उन्हात टाकीतली वाफ इतकी दाट असते की ती त्या मर्यादेच्या वर जाते, म्हणजे पेटायला आत पुरेशी हवाच नसते. पण उणे वीस-तीस अंशांत पेट्रोलची वाफ कमी होते आणि मिश्रण नेमकं पेटण्याच्या मर्यादेत येऊ शकतं. त्यात कोरडी हवा, प्लास्टिकची टाकी, आणि आत हलणारं पेट्रोल. स्वेटर काढताना जी चटचट होते ना, तीच वीज. म्हणजे थंडीत गाडी सुरक्षित, हा आपला अंदाज इथे उलटा पडतो.

आणि मंडळी, हा दोष मालकाला डोळ्यांनी दिसत नाही. ब्रेक सैल झाला तर पायाला-हाताला कळतं. टाकीतली ठिणगी घडेपर्यंत कळत नाही. म्हणून पत्र महत्त्वाचं. आणि म्हणूनच ते चुकीच्या घरी गेलं तर काय होतं, हेही महत्त्वाचं.

मालकाने काय करायचं

आपले बरेच श्रोते कॅनडात आहेत, मिनेसोटा-मिशिगनकडे आहेत. हा भाग खास तुमच्यासाठी.

पहिलं, गाडीचा नंबर शोधा. आपण ज्याला चासी नंबर म्हणतो तोच, १७ अक्षरं-आकड्यांचा. बहुतेक स्नोमोबाइलवर तो सीटखालच्या लांब पत्र्याच्या, म्हणजे टनेलच्या उजव्या बाजूला कोरलेला असतो. फोटो काढून ठेवा.

दुसरं, योग्य जागी तपासा. इथे पुष्कळ जण फसतात. अमेरिकेत मोटारींचे रिकॉल तपासायची जी सरकारी साइट आहे, तिच्यात स्नोमोबाइल येत नाही. तिथे काही सापडलं नाही म्हणून सगळं ठीक, असं समजू नका. कंपनीच्या साइटवर नंबर टाका, आणि सीपीएससीच्या रिकॉल यादीत मॉडेल शोधा. कॅनडात असाल तर ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या यादीत कंपनी, मॉडेल आणि वर्ष टाकून बघा. ती यादी तुमच्या नेमक्या गाडीबद्दल सांगत नाही, फक्त मॉडेलबद्दल सांगते. म्हणून डीलरला नंबर देऊन खात्री करून घ्या.

तिसरं, चालवू नका असं लिहिलं असेल तर चालवू नका. "फक्त तळ्यापर्यंत जाऊन येतो" हेही नाही. सीझन तीन-चार महिन्यांचा असतो, डीलरकडे रांग असते, पार्ट यायला वेळ लागतो, सगळं खरं. त्यामुळे तपासणी बर्फ पडायच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. गाडी ट्रेलरवर घालून न्या, चालवत नेऊ नका. आगीचा धोका असेल तर घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ठेवायची की नाही, हेही डीलरला विचारा.

चौथं, घरी जुगाड नको. आपण इंजिनिअर लोक, हात शिवशिवतात. मला माहितीय. पण अधिकृत दुरुस्ती फुकट असते आणि तिची नोंद त्या नंबरावर होते. तुम्ही स्वतः पाइप बदललात तर कंपनीच्या नोंदीत रिकॉल उघडाच राहतो आणि खरा दोष वेगळाच असू शकतो. काम झाल्यावर कागद मागून घ्या.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: सेकंड हँड घेतली असेल तर कंपनीला कळवा की आता मालक मी आहे. नाव, पत्ता, ईमेल, नंबर. दहा मिनिटांचं काम. सरकारी रजिस्ट्रेशन तुमच्या नावावर झालं म्हणजे कंपनीकडे ते आपोआप गेलं, असं धरून चालू नका. रिकॉल जुना असला तरी डीलरला विचारा. पहिल्या मालकाने काम करून घेतलं नसेल तर ते बहुतेक वेळा अजूनही करून मिळतं.

सहावं, विकताना. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने रिकॉल झालेली वस्तू दुरुस्त न करता विकणं बेकायदा ठरवलं. हे दुकानदारालाच नाही, घरासमोर बोर्ड लावून विकणाऱ्यालाही लागू आहे. आणि विकून झाल्यावर पत्र आलं, तर फेकू नका. घेणाऱ्याचा नंबर फोनमध्ये असतोच. फोटो काढून पाठवून द्या.

सातवं, तुमच्या गाडीत काही विचित्र घडलं, थ्रॉटल अडकला, पेट्रोलचा वास आला, धूर आला, तर कळवा. अमेरिकेत सीपीएससीने २०११ मध्ये सामान्य लोकांच्या तक्रारींसाठी सेफर प्रॉडक्ट्स नावाची साइट सुरू केली. आपली एक तक्रार म्हणजे त्या टेबलावरचा एक कागद. दुसरा कुणीतरी पाठवेल, तिसरा कुणीतरी. तेव्हाच मॉडेल दिसायला लागतं.

आणि आपण इकडचे?

आपल्यातले कितीतरी जण गुलमर्गला किंवा मनालीजवळ सोलांगला जातात आणि भाड्याच्या स्नोमोबाइलवर बसतात. तिथे नंबर तपासणं जमणार नाही. पण बसण्याआधी दोन मिनिटं घ्या. इंजिन बंद असताना थ्रॉटल दाबून सोडा, तो झटकन मागे येतो का बघा. ब्रेक दाबा. इंजिन बंद करायचं बटण कुठे आहे ते विचारा आणि चालतं का ते दाखवायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर बसू नका. हेल्मेट मागा. गाडीवाल्या भैयांना राग येणार नाही, आणि आला तरी चालेल.

आणि स्नोमोबाइल राहू द्या, पार्किंगमधली तुमची स्कूटर? भारतात २०१२ मध्ये वाहन कंपन्यांच्या संघटनेने स्वतःहून रिकॉलचे नियम केले. सक्तीचा कायदा २०१९ च्या दुरुस्तीने आला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. म्हणजे आपल्याकडे ही साखळी अगदी नवी आहे. सेकंड हँड गाडीच्या कंपनीकडे अजून जुन्या मालकाचाच मोबाइल नंबर असेल, तर मेसेज त्यालाच जाणार. आरसी नावावर करताना कंपनीच्या ॲपमध्येही नंबर बदलून टाका. मी हे दादाच्या फोननंतर केलं. माझी बाइकही सेकंड हँड आहे, आणि तिच्यावर अजून पहिल्या मालकाचंच नाव होतं.

दादाचं काय झालं? गाडी ट्रेलरवर घालून डीलरकडे गेली, तीन आठवडे तिथेच राहिली, काम फुकट झालं. सीझनचे चांगले शनिवार-रविवार वाया गेले म्हणून पोरगी रुसली होती. दादाने कंपनीकडे आपलं नाव नोंदवलं. आणि एक गोष्ट केली, ती मला फार पटली. गाडीचा नंबर, रिकॉलचं काम झाल्याची तारीख आणि तपासायच्या साइट्स, असं सगळं एका कार्डावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली ठेवलं. मी विचारलं, "दादा, तुला तर आता सगळं पाठ आहे, कार्ड कशाला?"

म्हणाला, "माझ्यासाठी नाही रे. कधीतरी विकेन ना."

१९२२ मध्ये वाल्कूरच्या त्या वडिलांना दोष दिसला आणि पोरगा समोरच उभा होता. आता बनवणारा आणि बसणारा एकमेकांना ओळखत नाहीत. मधे कायदा आहे, कमिशन आहे, डीलर आहे, आणि शेवटी एक पत्र. त्या पत्रावर कुणाचं नाव असावं, एवढी गोष्ट मात्र आपल्या हातात आहे.

आज हा भाग ऐकून झाल्यावर एक काम करा. आपल्या किंवा घरच्यांच्या एका तरी सेकंड हँड गाडीचा नंबर तपासा. काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!